सूर्यास्तानंतरचा आकडा

"भूपाल, आज आकडा किती?"

इचलकरंजीहून आक्काचा फोन. आक्का माझी थोरली बहीण. पूर्वी ती आधी 'जेवलास का' विचारायची, मग पाऊसपाणी, मग स्वतःचे गुडघे. आता थेट आकडा.

"सव्वीस," मी म्हणालो.

"काल चोवीस होता."

"काल ती झोपली होती, आक्का."

"मग आज का झोपली न्हाई?"

याला काय उत्तर द्यायचं? मी गप्प राहिलो. मी बहुतेक वेळा गप्पच राहतो. सांगलीतल्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून माझी उभी हयात गेली. तिथे गप्प राहण्याचा पगार मिळायचा. घरात त्या गुणाला काही भाव नाही, हे निवृत्त झाल्यावर कळलं.

आकडा माझ्या नातीच्या हृदयाचा. तिचं नाव अन्विता, घरात अनू. वय एकोणीस. त्या आकड्याने आमच्या घराचा जो काही छळ मांडला होता, तो सांगण्यापूर्वी थोडं शास्त्र सांगावं लागेल. मला समजलं तेवढंच सांगतो. त्यातही चूक असू शकेल, जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

हृदयातून शुद्ध रक्त सगळ्या शरीराकडे निघतं, त्या महाधमनीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. हृदय आवळलं की पाकळ्या उघडतात, सैल पडलं की मिटतात. अनूच्या पाकळ्या जन्मापासूनच एकमेकींना चिकटलेल्या होत्या. दार उघडायचं ते फटीएवढंच. रक्त मात्र पुरेसं जायलाच हवं, म्हणून हृदय जोर लावतं, आणि वर्षानुवर्षं जोर लावून त्याची भिंत जाड होत जाते. बाहेरून काही दिसत नाही. डॉक्टर दरवर्षी तपासायचे आणि 'बघू' म्हणायचे. अनू शाळेत धावली, भांडली, आणि मोठी झाल्यावर कृष्णेवर होड्यांच्या शर्यतीसाठी मुलींच्या संघात वल्हं मारायला लागली. मग एका वर्षी सराव चालू असताना तिच्या हातातलं वल्हं सुटलं आणि ती होडीतच कोसळली. तेव्हा 'बघू' संपलं.

मिरजेच्या इस्पितळात डॉक्टर नसरीन बागवान यांनी तिची झडप फुग्याने उघडली. जांघेतल्या धमनीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. नळीच्या टोकाला मिटलेला फुगा असतो. तो झडपेच्या फटीत बसवून काही क्षण फुगवतात. तेवढे क्षण हृदयाला मुद्दाम अतिशय जलद फडफडायला लावतात, नाहीतर रक्ताच्या धक्क्याने फुगाच बाहेर फेकला जाईल. फुग्याच्या दाबाने चिकटलेल्या पाकळ्या शिवणीवर उसवतात. कमी उसवल्या तर अडथळा तसाच राहतो, जास्त उसवल्या तर झडप नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळतं. नव्या फुग्याच्या कातडीला ही उसवण जाणवते आणि तो वेळीच थांबतो. तरी अशी झडप कायमची बरी होत नाही. ती पुन्हा आवळू शकते, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

लक्ष ठेवायला पट्टी आली. छातीवर चिकटवायची, विड्याच्या पानाएवढी. ती आवाजाच्या लहरींनी झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजते. त्यावरून दाराच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक काढते. तो फरक म्हणजे आकडा. तो इस्पितळात जातो आणि घरच्या एका माणसाच्या फोनवर दिसतो. त्या माणसाला पट्टीच्या माहितीपत्रकात 'राखणदार' म्हटलं होतं. पत्रक शेवटपर्यंत वाचणारा घरात मी एकटा, म्हणून राखणदार मी झालो.

राखणदाराला इतरांना आकडा दाखवता येतो. आक्काने मागितला. नाही म्हणणं मला जमलं नाही. आक्काला दिला म्हटल्यावर तिच्या सुनेला, सुनेला दिला म्हणून पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या मुलाच्या, म्हणजे अनूच्या बापाच्या, महावीरच्या सासुरवाडीला. मग कुणीतरी 'झडप परिवार' नावाचा गट काढला. आकडा उतरला की गटावर फुलं पडायची. चढला की फोन.

"अप्पा," अनू मला एकदा म्हणाली, "मी माणूस आहे की मटक्याचा अड्डा? दिवस बुडाला की सगळे विचारतात, आज काय लागला."

मी हसलो. ती हसली नाही.

* * *

फुग्यानंतरचे सहा महिने उलटले. उन्हाळा संपत आला होता. डॉक्टर बागवान यांनी आम्हाला बोलावून घेतलं. अनू, तिची आई पद्मजा आणि मी. डॉक्टरांच्या मागच्या भिंतीवर अनूच्या आकड्यांचा आलेख होता, मिरजेच्या दिशेने दिसणाऱ्या दंडोबाच्या डोंगरासारखा उंचसखल.

"दिवसभर छान आहे," त्या म्हणाल्या. "पण रोज संध्याकाळी एक चढ येतो. पन्नासच्या पुढे जातो. आणि त्या वेळी अनू चालत नसते, उठत नसते. बसलेली किंवा आडवी असते."

"म्हणजे?" पद्मजाने पदराचं टोक मुठीत धरलं.

"पट्टीचे आकडे वाचणारी आमची संगणकप्रणाली याला विश्रांतीतला चढ म्हणते. काही न करता हृदयावर जोर येतोय, म्हणजे झडप परत आवळतेय, असा तिचा हिशेब. तिची शिफारस आहे की पावसाळ्याआधी दुसरा फुगा करावा."

अनूने विचारलं, "दुसऱ्याने गळायला लागली तर?"

डॉक्टरांनी तिला लहान पोरीसारखं फसवलं नाही, हे मला आवडलं. "शक्यता पहिल्यापेक्षा जास्त. फार गळली तर छाती उघडून झडप बदलावी लागेल. मग रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आल्या. वल्हं विसरायचं."

"आणि आत्ता आकडा खाली असता तर?"

"तर पुढच्या महिन्यापासून नदीवर पाठवलं असतं तुला. हळू सरावाला. शर्यतीचं पुढच्या वर्षी बघितलं असतं."

अनू आलेखाकडे बघत राहिली. एवढा राग मी तिच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. तिच्या छातीवरची पट्टी त्या क्षणी काय पाठवत असेल, असं मनात आलं, आणि लगेच माझ्या खिशातला फोन थरथरला. आक्का.

डॉक्टर आलेखावर बोट फिरवत स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "एक गोष्ट मला कळत नाही. हा चढ एका वेळेवर येत नाही. थंडीत सहाच्या सुमारास यायचा. आता सातच्या पुढे येतो. रोज किंचित उशिरा. झडपेला घड्याळ कुणी शिकवलं?"

मला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण नक्की काय ते कळेना. कळलं असतं तरी डॉक्टरांसमोर बोललो असतो की नाही, शंकाच आहे. आम्ही शस्त्रक्रियेची तारीख घेऊन परत आलो.

* * *

ते कळलं घरी, दोनच दिवसांनी, आणि तेही पद्मजाच्या ओरडण्यामुळे.

"आवरा अप्पा, दिवस बुडायला आला. ती भाकरी काय पुस्तकासारखी चाळताय?"

आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत. आक्काकडे हे फार कडक, आमच्याकडे तिच्या धाकाने कडक. थंडीत आम्ही उजेडासाठी घाईने जेवतो, उन्हाळ्यात जरा सावकाश. ताटं उचलली, पद्मजाने ओटा पुसला, अनू तिच्या खोलीत जाऊन पलंगावर पडली. बाहेर उजेड विझला. आणि फोन वाजायला लागले.

पहिला आक्काचा, थेट अनूला. "काय गं, सकाळी आकडा चढलावता. जिन्यानं गेलीस व्हय?" मग आक्काच्या सुनेचा. मग महावीरच्या सासूबाईंचा, त्यांना कुणीतरी अर्जुनाच्या सालीचा काढा सांगितला होता. मग खुद्द महावीरचा, "अनू, सगळे इतकं सांगतायत तर ऐक ना जरा." स्वयंपाकघरातून पद्मजा वाचत होती, "अडतीस. चव्वेचाळीस. अनू, पडून राहा म्हटलं ना? एकावन्न. अगं पडून राहा."

"पडलेय गं आई!"

मी दाराच्या चौकटीत उभा होतो. हातातल्या फोनवर आकडा चढत होता आणि खिडकीबाहेर आत्ताच मावळलेल्या सूर्याची लाली होती.

थंडीत सहा. उन्हाळ्यात सात. झडपेला घड्याळ कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या सगळ्या गोतावळ्याची जेवणं एकाच वेळी उरकतात, सूर्य मावळायच्या आत. सगळ्यांचे हात एकाच वेळी धुऊन होतात आणि सगळे एकाच वेळी फोन उचलतात. गाव वेगळं, घर वेगळं, पण सूर्य एकच.

मी पुन्हा पुन्हा विचार करून पाहिला. मला वाटतं ते सहसा बरोबर नसतं. बंधाऱ्याचं दार तेवढंच असलं आणि मागून पाणी जोरात आलं, तर अलीकडची पातळी चढतेच. म्हणून दार लहान झालं असं होत नाही. राग आला की हृदय जोराने रक्त ढकलतं. दार तेच, आकडा मात्र चढतो. पट्टीला एवढंच दिसतं की मुलगी पलंगावर आडवी आहे. तिच्या कानाशी आक्का आहे, हे पट्टीला दिसत नाही.

* * *

डॉक्टर बागवान यांना हे फोनवर सांगताना माझी वाक्यं मध्येच तुटत होती. सूर्यास्त, जेवण, आक्का, हे सगळं मलाच हास्यास्पद वाटायला लागलं.

मग त्यांनी आलेख उघडला असावा. "पर्युषणात काय झालं होतं? नाही, ते अजून यायचंय. एप्रिलमध्ये एक आठवडा चढच नाही."

"आक्का श्रवणबेळगोळला गेली होती. सगळ्यांना घेऊन. तिथे रेंज नव्हती म्हणे."

पलीकडून एक आवाज आला. डॉक्टर हसल्या की खोकल्या, सांगता येणार नाही.

"हे बघा मगदूम काका, मी प्रणालीला आक्का समजावून सांगू शकत नाही. तिला फक्त आकडे कळतात. तारीख थोडी पुढे ढकलते. तेवढ्यात संध्याकाळचा चढ गेला तर फुगा रद्द. नाही गेला, तर झडपच आवळतेय असं मलाही मानावं लागेल. अनूशी बोलणं बंद करा म्हणत नाही मी. आकड्यावर बोलणं बंद करा."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

त्यांना आमची माणसं माहीत नव्हती.

महावीरने गटावर लिहिलं, 'कृपया अनूला फोन करू नयेत.' त्यावर, असं का, कुणी काही बोललं का, अनू ठीक आहे ना, हे विचारायला सगळ्यांनी अनूला फोन केले. त्या संध्याकाळचा चढ आलेखात सर्वांत उंच होता.

आक्काला 'फोन करू नकोस' असं सरळ सांगायची माझी छाती नव्हती. मी तिला आयुष्यात एकदाही सरळ काही सांगितलेलं नाही. पण ती नियमाची पक्की. देवासमोर एकदा नियम घेतला की मोडायचा नाही. तिने एका चातुर्मासात गूळ सोडला तो सोडलाच, तो पुढे कधी जिभेला लावला नाही. मी बसने इचलकरंजीला गेलो.

"आक्का, अनूसाठी एक नियम घेशील?"

तिचे डोळे चमकले. "सांग की. तूप सोडू? दूध सोडू?"

"सूर्यास्तानंतर फोन सोड."

तिला तो नियम आवडला, कारण आजवर कुणी घेतलेला नव्हता. तिच्याबरोबर मंदिरात सुनेने घेतला, जावेने घेतला. सांगलीत पद्मजाने ऐकलं, तिनेही घेतला, आणि आकडा मोठ्याने वाचायचा नाही हे वर जोडलं. मी इतका हलका होऊन परतलो की बसमध्ये वाचता वाचता माझं स्टँड मागे गेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. सूर्य अजून बराच वर होता. अनूचा फोन वाजला.

"अन्विता, दिवस बुडायच्या आत विचारून घेते बाई," आक्का म्हणाली. "माझा नियम आहे."

तिच्यामागोमाग बाकीच्यांचेही आले. सगळ्यांनी नियम काटेकोर पाळला होता. अनूने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. चढ तेवढाच होता, फक्त जेवणाआधी आला होता.

मी पुन्हा बस धरली. तारीख जवळ येत होती आणि मला स्वतःचाच वैताग आला होता. साधं वाक्य सरळ बोलता येत नाही, म्हणून मी एका मुलीचं हृदय बसच्या फेऱ्यांवर टांगून ठेवलं होतं.

आक्का तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "आक्का, तू विचारतेस म्हणून आकडा चढतो."

"काय बोलायलायस?"

"झडप बरी आहे तिची. आपण तिला बरी राहू देत नाही. अजून थोडे दिवस असंच चाललं तर तिला पुन्हा टेबलावर घेतील, आणि ह्या वेळी झडप फाटेल."

तिची बोटं तांदळात थांबली. मला वाटलं ती आता माझ्यावर तुटून पडेल. तिने सूप बाजूला ठेवलं.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "मी विचारलं की ती सांभाळून राहील."

"माहीत आहे."

"मग काय बोलायचं तिच्याशी? मला दुसरं काय येतंय?"

मलाही दुसरं कुठे येत होतं? मीही तिचाच भाऊ. पण आक्काने स्वतःच मार्ग काढला. तिने आकड्याचा नियम घेतला: आकडा बघायचा नाही, विचारायचा नाही, आणि दुसऱ्याने सांगितला तर कानावर हात ठेवायचे. गटावर तसं कळवायला तिने सुनेला लावलं. आक्काने सोडलं म्हटल्यावर धरून ठेवण्यात कुणाला काय पुण्य? एकेकाने सोडलं. महावीरच्या सासूबाईंनी काढासुद्धा सोडला, तो अनूने कधी प्यायलाच नव्हता.

आक्का पुढे अनूला फोन करायची तो विचारायला, की होडी डावीकडे वळवायची तर वल्हं कुठल्या बाजूने मारतात. अनू तिला समजावून सांगायची. आक्काला ते कधीच कळलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच विचारायची.

* * *

तपासणीच्या दिवशी भिंतीवरचा डोंगर जवळजवळ सपाट झाला होता.

"फुगा रद्द," डॉक्टर बागवान म्हणाल्या. पद्मजा खुर्चीतच हात जोडून पुटपुटायला लागली. "सरावाला जा. पट्टी लावून, हळू, आणि दम लागला की थांबायचं. दर महिन्याला मला दिसली पाहिजेस. झडप अजून तीच आहे, विसरू नकोस."

अनूने मान डोलावली. मग डॉक्टरांनी आलेख जरा मोठा केला.

"हे तेवढं काय आहे? लहान आहे, काळजीचं नाही, पण रोज आहे. सूर्यास्ताच्या सुमारासच. अजून कुणी फोन करतं का?"

"नाही," अनू म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "ते अप्पा."

"मी?" मी म्हणालो. "मी तर काही बोलत नाही."

"बोलत नाहीत," अनू डॉक्टरांना म्हणाली. "दारात येऊन उभे राहतात. हातात पुस्तक असतं, पान उलटत नाहीत. एकदा फोनकडे बघतात, एकदा माझ्याकडे. मी वाट बघते की आता विचारतील. विचारत नाहीत. मग जातात."

डॉक्टर आलेखातल्या त्या छोट्या उंचवट्याकडे बघत होत्या. माझा उंचवटा. आक्काच्या डोंगराआड तो इतके दिवस लपून राहिला होता.

"पुन्हा नाही उभा राहणार," मी म्हणालो.

"उभे राहा की," अनू म्हणाली. "पण ते बघणं सोडा, अप्पा."

* * *

पुढच्या रविवारी ती सकाळीच नदीवर जायला निघाली. दारात चपला घालताना तिने छातीवरची पट्टी बोटाने दाबून पाहिली. "इस्पितळाला दिसतंय ना? बास," एवढं म्हणून ती जिना उतरून गेली. पावलांच्या आवाजावरून कळत होतं की ती पायऱ्या गाळत उतरते आहे.

मी खुर्चीत बसून फोन उघडला. राखणदाराच्या पानावर अगदी तळाशी एक बटण होतं, 'घरच्यांना दाखवणे बंद करा'. पत्रकात ते होतं, मी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं. मी ते दाबलं. फोनने विचारलं, 'खात्री आहे का?'

सत्तर वर्षांत मला कशाचीही खात्री नव्हती. वर कोपऱ्यात आकडा दिसत होता, अठ्ठावीस, मग एकतीस. घाटाच्या पायऱ्या असतील. की होडीत बसली? तेहतीस. मी 'हो' दाबलं. 'पुन्हा विचार करा,' फोन म्हणाला, 'आपण एकमेव राखणदार आहात.' माहितीपत्रक लिहिणारा माझ्याच नात्यातला असावा. मी पुन्हा 'हो' दाबलं. आकडा गेला.

आतून पद्मजाने हाक मारली, "अप्पा, चहा घेता का?" आणि मग जरा थांबून, "काही नाही, असंच विचारलं."

मी पुस्तक उघडलं आणि खिडकीला पाठ करून बसलो. खिडकीतून नदी दिसत नाही, पण तिकडे बघायची सवय होती. अर्धं पान झालं असेल, एवढ्यात फोन वाजला. आक्का.

"भूपाल," ती म्हणाली, आणि पुढे काहीच बोलली नाही. मला तिचा श्वास ऐकू येत होता. नियम मोडायचा नव्हता आणि फोन ठेवायचाही नव्हता.

"जेवलीस का, आक्का?" मी विचारलं.